सातबारा संगणकात गेला तेव्हा

१८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली जमीन पाहणी फसली. मोजणी चुकीची होती, आकारणी डोईजड होती आणि शेतकरी गावेच्या गावे सोडून गेले. १८३५ नंतर इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी नव्याने काम हाती घेतले, तेव्हा त्यासाठी स्वतंत्र पाहणी खाते उभे राहिले. मोजणीदार वेगळे, प्रतवारी करणारे वेगळे आणि त्यांची मोजणी पुन्हा तपासणारे अधिकारी वेगळे. गावचा कुलकर्णी माहिती देई, दप्तर दाखवी. पण सगळ्या शिवाराची नवी नोंद त्याच्या एकट्याच्या माथी मारली गेली नाही. पुढे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेले आणि पगारी तलाठ्याकडे एकवीस गाव नमुन्यांचे दप्तर कायमचे आले. सातबाऱ्याच्या संगणकीकरणाचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचला, तर त्यातला दोष यंत्राचा नव्हता हे कळते. नोंदी नव्याने उभ्या करण्याचे काम हे रोजच्या कारभारापेक्षा वेगळे आणि प्रचंड असते, ही एकोणिसाव्या शतकात कळलेली गोष्ट एकविसाव्या शतकात विसरली गेली.

राज्यात सातबारे सुमारे अडीच कोटी. ते आधी तालुक्याच्या संगणकात भरले गेले, मग ऑनलाइन फेरफाराची व्यवस्था आली, आणि हस्तलिखित व संगणकीय उतारा जुळत नाही हे उघड होऊ लागले. क्षेत्राची बेरीज चुकलेली, खातेदाराचे नाव अर्धे, इतर हक्कातला बोजा गाळलेला. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले आणि दुरुस्तीचे काम तलाठ्याकडे आले. पंचनामे, वसुली, दाखले आणि निवडणुकीचे काम यांपैकी काहीही कमी न होता. सर्व्हरवर दिवसा ताण असे, म्हणून कित्येकांनी रात्री जागून नोंदी केल्या. तलाठ्यांच्या २०१६ च्या आंदोलनात लॅपटॉप आणि प्रिंटर ही मागणी होती, यातच सारे आले: ज्याच्या डिजिटल स्वाक्षरीवर शेतकऱ्याची मालकी टिकायची, त्याला साधनासाठी झगडावे लागत होते.

यावर एक आक्षेप हमखास येतो: तलाठ्यांना उताऱ्यामागची चिरीमिरी बुडण्याची भीती होती, म्हणून ते अडून बसले. आक्षेप पोकळ नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कारवायांत महसूल खाते वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकावर दिसते, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, त्याने शेतकऱ्याचे हेलपाटे खरोखर वाचले. ते श्रेय द्यायलाच हवे. पण लाच खाणाऱ्याला फेरफाराच्या नोंदीत आजही वाव आहे. चुकलेली बेरीज दुरुस्त व्हावी, साधन मिळावे, या मागण्यांनी मात्र कुणाचीही वरकमाई वाचत नव्हती. बदलाच्या काळात ओढाताण व्हायचीच, असेही म्हणतात. व्हायचीच, परंतु इथे तिची झळ शेतकऱ्यालाही बसली. टंकनातल्या एका चुकीसाठी त्याला जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो, आणि तोवर बँक पीककर्ज अडवून धरते. घाईने भरलेली नोंद स्वस्त पडली, ती फक्त सरकारच्या अंदाजपत्रकात.

१५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर सोपवली गेली. ज्यांच्याकडे तसा फोन नाही किंवा शिवारात रेंज नाही, त्यांच्या नोंदी राहू लागल्या आणि उरलेली पिके पुन्हा तलाठ्याच्या अंगावर आली. अखेर त्यासाठी गावपातळीवर मोबदल्यावर स्वतंत्र सहायक नेमावे लागले. सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठी अशीच वेगळी माणसे, वेगळा पैसा आणि वेगळी तपासणी आधीपासून असती, तर अडीच कोटी उताऱ्यांतल्या कितीतरी चुका तहसीलच्या दारापर्यंत गेल्याच नसत्या.