'आय लव्ह यू, पावभाजी' म्हणत किंचाळणारा बँड: हार्डकोर पंक महाराष्ट्रात कसं आलं आणि त्याला जागा का मिळत नाही?

स्टेजवर पाच जण. एक जण जीव तोडून किंचाळतोय, बाकीचे चौघं गिटार, बास आणि ड्रम्स फुटतील इतक्या जोरात वाजवतायत. खाली शंभर-दीडशे पोरं एकमेकांवर आदळतायत. आणि गाण्याचं नाव काय? 'आय लव्ह यू, पावभाजी'.

हे गाणं मुंबईच्या 'स्क्राइब' या बँडचं. भारतात हार्डकोर म्हटलं की सगळ्यात आधी ज्या बँडचं नाव निघतं तो हा बँड. पण स्क्राइबची गोष्ट कळायला आधी हार्डकोर म्हणजे काय ते समजून घ्यावं लागतं. आणि हार्डकोरचा इतिहास पाहिला, की एक प्रश्न सारखा समोर येतो: वाजवायला जागा कोण देणार?

हार्डकोर पंक म्हणजे नेमकं काय?

१९७० च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पंक रॉक जन्माला आलं. रमोन्स, सेक्स पिस्टल्स ही त्यातली गाजलेली नावं. लांबलचक गिटार सोलो आणि झगमगीत स्टेज बाजूला ठेवून, तीन कॉर्ड येत असतील तर बँड काढा, असा सगळा मामला होता.

काही वर्षांत मोठ्या कंपन्यांनी पंकलाही करारात बांधलं. तेव्हा अमेरिकेतल्या शाळकरी आणि कॉलेजच्या पोरांनी तेच संगीत आणखी वेगवान, आणखी छोटं आणि आणखी कर्कश केलं. ते हार्डकोर. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या डी.ओ.ए. या बँडने १९८१ मध्ये 'हार्डकोर ८१' नावाचा अल्बम काढला आणि हे नाव रूढ व्हायला मदत झाली.

वेग किती? वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेट या बँडच्या १९८१ मधल्या पहिल्या रेकॉर्डवर आठ गाणी आहेत आणि ती सगळी मिळून दहा मिनिटांच्या आत संपतात.

पैसे वाटून घेतले नाहीत, रेकॉर्ड काढली

हार्डकोरची पाळंमुळं दोन ठिकाणी सापडतात. एक कॅलिफोर्निया. तिथे १९७६ मध्ये सुरू झालेल्या ब्लॅक फ्लॅगने एसएसटी नावाची स्वतःची कंपनी काढून रेकॉर्ड विकल्या. दुसरं वॉशिंग्टन डी.सी.

वॉशिंग्टनमध्ये बॅड ब्रेन्स हा कृष्णवर्णीय वादकांचा बँड होता. ही मंडळी आधी जॅझ फ्युजन वाजवायची. त्यामुळे हात इतके तयार होते की त्यांच्या वेगापुढे बाकीचे बँड फिके पडायचे. शहरातल्या क्लबांची दारं बंद होत गेली, तेव्हा त्यांनी त्यावरच गाणं केलं: 'बॅन्ड इन डी.सी.'

याच शहरात इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन यांचा टीन आयडल्स हा बँड होता. १९८० मध्ये तो फुटला. कार्यक्रमांचे साठलेले थोडे पैसे शिल्लक होते. ते वाटून घेण्याऐवजी त्यांनी त्या पैशांतून बँडची रेकॉर्ड छापली. त्यासाठी डिस्कॉर्ड नावाची कंपनी काढली. सुरुवातीच्या रेकॉर्डची कव्हरं मित्रमंडळींनी घरी बसून कापली, दुमडली आणि चिकटवली. हीच पोरं पुढे मायनर थ्रेट झाली.

इंग्रजीत या पद्धतीला 'डू इट युवरसेल्फ' म्हणतात. आपल्याकडे त्याला जवळचा शब्द आहे वर्गणी. गल्लीतली पोरं पैसे गोळा करतात, मांडव स्वतः उभारतात, खुर्च्या स्वतः उचलतात आणि शेवटी हिशोब फळ्यावर लावतात. हार्डकोरचे कार्यक्रम साधारण असेच चालतात.

हातावरची फुली कुठून आली?

या संगीताचा प्रेक्षक १५ ते २० वर्षांचा होता. कार्यक्रम मात्र बारमध्ये व्हायचे आणि अल्पवयीन म्हणून पोरांना दारावरूनच परत पाठवलं जायचं.

१९८० मध्ये टीन आयडल्स कॅलिफोर्नियात गेले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबने त्यांना आत सोडलं, पण हातावर काळी फुली मारून. अर्थ एवढाच, की या पोरांना दारू द्यायची नाही. ही युक्ती ते वॉशिंग्टनला घेऊन आले आणि तिथल्या क्लबांना म्हणाले, फुली मारा, पण गाणं ऐकू द्या.

पुढे मायनर थ्रेटच्या 'स्ट्रेट एज' या गाण्यावरून दारू, सिगारेट आणि ड्रग्जपासून लांब राहणाऱ्यांची एक चळवळच तयार झाली. बंदीची खूण असलेली फुली तिचं चिन्ह बनली.

न्यूयॉर्कने वेगळा मार्ग काढला. तिथल्या सीबीजीबी या प्रसिद्ध क्लबमध्ये रविवारी दुपारी हार्डकोरचे कार्यक्रम होऊ लागले. दुपारची वेळ असल्याने शाळकरी पोरांनाही येता यायचं.

मग महाराष्ट्रात काय चाललं होतं?

मुंबईत रॉकचं घर होतं धोबी तलावचं रंगभवन. सेंट झेवियर्स कॉलेजजवळचं हे खुलं नाट्यगृह. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू केला आणि 'आय-रॉक' हे नाव रंगभवनाशी जोडलं गेलं. रॉक मशीन म्हणजे नंतरचा इंडस क्रीड, याच काळातला बँड. कॉलेजच्या पोरांसाठी आयआयटी मुंबईच्या 'मूड इंडिगो' महोत्सवातली बँडची स्पर्धा हे दुसरं मोठं व्यासपीठ. १९९३ मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक सुरू झालं आणि वेगवेगळ्या शहरांतल्या बँडना एकमेकांची खबर मिळू लागली.

मग आला ध्वनिप्रदूषण नियम, २०००. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाच्या एका बाजूला कॉलेज, जवळच रुग्णालयं. तिथले रॉकचे कार्यक्रम बंद पडले.

नियम चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. रुग्णाला शांतता हवीच. पण जी जागा गेली तिच्या बदल्यात तेवढीच स्वस्त, खुली आणि शहराच्या मध्यावरची दुसरी जागा रॉकच्या प्रेक्षकाला मिळाली नाही.

स्क्राइब कसा उभा राहिला?

त्यानंतरच्या पिढीला आपली सोय आपणच लावावी लागली. २००० मध्ये साहिल मखीजा यांनी मुंबईत डेमॉनिक रेझरेक्शन हा मेटल बँड सुरू केला. पुढे डेमनस्टीलर रेकॉर्ड्स ही कंपनी काढली आणि दुसऱ्यांच्या बँडसाठीही कार्यक्रम भरवले. जुहूच्या हॉटेलातलं रॅझबेरी ऱ्हायनोसरस आणि अंधेरीतलं बी ६९ या जागांवर कर्कश संगीताला आसरा मिळाला.

याच वातावरणात २००५ मध्ये स्क्राइब सुरू झाला. विश्वेश कृष्णमूर्ती गायक, अक्षय राजपुरोहित आणि प्रशांत शाह गिटारवर, श्रीनिवास सुंदरराजन बासवर, विराज सक्सेना ड्रम्सवर.

संगीत हार्डकोर आणि मेटल यांच्या मिश्रणाचं. गाणं सुसाट पळत असतं आणि अचानक वेग अर्ध्यावर येतो, ठोके जड होतात. याला 'ब्रेकडाउन' म्हणतात. खालची गर्दी या क्षणाची वाट बघत असते.

पण स्क्राइबची खरी ओळख वेगळीच होती. भारतातले बरेच जड रॉक बँड तेव्हा अमेरिकन किंवा युरोपियन बँडसारखे दिसायचा प्रयत्न करायचे. काळे कपडे, गंभीर चेहरे, सैतान आणि मृत्यूच्या गोष्टी. स्क्राइबने हिंदी सिनेमा आणि मुंबईची खाऊगल्ली स्टेजवर आणली. २०१० च्या अल्बमचं नाव 'मार्क ऑफ तेजा'. 'अंदाज अपना अपना' पाहिलेल्या प्रत्येकाला हा तेजा कोण ते लगेच कळतं. २०१४ च्या अल्बमचं नाव 'हेल मोगॅम्बो'. सुरुवातीच्या एका रेकॉर्डचं नाव तर 'हॅव हार्ड, विल कोर', म्हणजे प्रकाराच्या नावाचीच फोड.

वरवर हा विनोद वाटतो. पण या विनोदाने मोठं काम केलं. किंचाळणारं संगीत म्हणजे परदेशी फॅड, हा समज त्याने सैल केला. किंचाळीतले शब्द कळले नाहीत तरी मोगॅम्बो कळत होता.

आपलं काम आपण करायची सवय बँडबाहेरही दिसली. बास वाजवणाऱ्या श्रीनिवास सुंदरराजन यांनी अगदी कमी पैशांत 'द अनटायटल्ड कार्तिक कृष्णन प्रोजेक्ट' हा सिनेमा बनवला.

स्क्राइब एकटा नव्हता. रायट पेडलर्स हा मुंबईचा पंक बँड राजकीय टोमणे मारायचा. त्यांच्या रेकॉर्डचं नाव 'सरकॅझम', ज्यात सरकारही आहे आणि उपहासही. नंतरच्या पिढीत डेथ बाय फंगाय आणि पॅसिफिस्ट हे मुंबईचे बँड आले.

पुन्हा तोच प्रश्न: जागा

लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग सुरू झालं. गिरणीच्या जागेत उभं राहिलेलं हे ठिकाण देशातल्या बँडसाठी मानाचं होतं. २०१६ मध्ये मुंबईतलं ब्लू फ्रॉग बंद झालं. रॅझबेरी ऱ्हायनोसरस आणि बी ६९ सुद्धा राहिले नाहीत.

यामागचं गणित साधं आहे. बारमध्ये कार्यक्रम होतो तेव्हा जागेचं भाडं तिकिटातून कमी आणि दारूच्या विक्रीतून जास्त निघतं. हार्डकोरचा प्रेक्षक म्हणजे कॉलेजची पोरं. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि इतर दारूसाठी २५ वर्षं वय लागतं. म्हणजे ज्यांच्यासाठी हे संगीत आहे, त्यातल्या अनेकांना कायद्याने गिऱ्हाईक होता येत नाही, आणि जे होऊ शकतात त्यांच्या खिशात पैसे नसतात. वॉशिंग्टनच्या पोरांची अडचण पंचवीस वर्षांनी मुंबईच्या पोरांपुढे तशीच उभी होती.

बारामती-इंदापूरच्या पोरांचं काय?

मुंबईत ही अवस्था, तर तालुक्याच्या गावात काय? बारामती पुण्यापासून साधारण १०० किलोमीटर. इंदापूर त्याहून लांब. पुण्यात रात्रीचा कार्यक्रम ऐकायचा तर परतीची एसटी चुकते आणि मुक्कामाची सोय बघावी लागते. फोनवर मात्र वॉशिंग्टनचा बँडही एका क्लिकवर आहे. ऐकणारा तयार होतो, पण ऐकणारे एकमेकांना भेटत नाहीत. आणि चार ऐकणारे एकत्र आल्याशिवाय बँड होत नाही.

मोठा आवाज या भागाला नवा नाही. हलगी आहे, लेझीम आहे, वरातीतला बँड आहे. गर्दीची शिस्तही नवी नाही. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचं गोल रिंगण बेलवाडीत आणि इंदापुरात होतं. हजारो माणसं मधली जागा मोकळी ठेवतात, अश्व धावतो आणि जो तो आपली जागा सांभाळतो. हार्डकोरच्या गर्दीतही मध्ये गोल मोकळा करून पोरं त्यात धावतात. तिथला पहिला नियम असा: कुणी पडला तर आधी त्याला उचलायचं. इथे श्रद्धेची तुलना नाही. पण अनोळखी माणसांनी एकमेकांना सांभाळत गोल धरणं काय असतं, हे या भागाला शिकवावं लागत नाही.

मग अडतं कुठे? कायदा नीट वाचला तर वाट दिसते. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. हे दिवस साहजिकच गणपती, नवरात्र आणि जयंत्यांना जातात. एखाद्या नवख्या बँडच्या वाट्याला ते येणार नाहीत.

पण दिवसा, परवानगी घेऊन, बंद सभागृहात केलेल्या कार्यक्रमाला ही रात्रीची अडचण येत नाही. म्हणजे न्यूयॉर्कवाल्यांचा जुना तोडगा इथेही चालू शकतो: रविवारची दुपार. दारू नाही, त्यामुळे वयाची अट नाही. बाहेरून साउंड सिस्टीम भाड्याने आणायची, चार बँडनी खर्च वाटून घ्यायचा, तिकीट परवडेल एवढं ठेवायचं आणि संध्याकाळच्या आत सभागृह झाडून चावी परत द्यायची. इंदापूरला जाणाऱ्यांना एसटीही मिळते.

प्रश्न उरतो तो सभागृहाची चावी ज्याच्याकडे आहे त्याचा. वॉशिंग्टनमध्ये चर्चच्या आणि सार्वजनिक हॉलच्या चाव्या सांभाळणाऱ्या लोकांनी अधूनमधून होकार दिला, म्हणून तिथे बँड टिकले. इथेही बँड निघेल की नाही, हे गिटार शिकणाऱ्या पोराइतकंच त्या होकारावर अवलंबून आहे.