मूर्च्छित मरियेचा वाद

योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या क्रुसाजवळ त्याची आई मरिया उभी होती, एवढेच म्हटले आहे. ती कोसळली, किंवा मुलाचे कलेवर मांडीवर घेऊन बसली, असे चारही शुभवर्तमानांत कुठे नाही. तरीही १३००च्या सुमारास जर्मनीत नेमक्या या दुसऱ्या प्रसंगाच्या लाकडी मूर्ती घडू लागल्या. बॉनच्या संग्रहालयातली त्यांतली एक नजर हटू देत नाही: येशूच्या बरगड्या वर आलेल्या, मान मागे कलंडलेली, जखमांतले रक्त द्राक्षांच्या घोसासारखे गोठलेले आणि आईचा चेहरा वेदनेने पिळवटलेला. शास्त्रात नसलेले हे दृश्य भाविकांच्या गरजेतून आले, असे माझे मत आहे. दुःखी मातेची भक्ती म्हणजे बायकांना मुकाट सोसायला शिकवण्याचा चर्चचा डाव, हा आक्षेप म्हणूनच मला पटत नाही. मुकाट सोसणारी आई हवी होती ती पंडितांना. लोकांना क्रुसाखालच्या तिच्या मूर्च्छेचा स्वतंत्र सण हवा होता. पोप दुसरे ज्युलियस यांच्याकडे तशी मागणी गेली, तेव्हा १५०६ मध्ये धर्मपंडित कायेतान यांनी त्या मागणीविरुद्ध निबंधच लिहिला. मरिया उभी होती, मूर्च्छेला शास्त्राधार नाही, हा त्यांचा मुद्दा. तो सण मंजूर झाला नाही. पण त्याच्या कितीतरी आधी लूव्हेनच्या तिरंदाजांच्या संघासाठी रोखिर व्हान डेर वेडन या चित्रकाराने क्रुसावरून उतरवलेला येशू रंगवला होता. त्यात खाली कोसळणाऱ्या आईच्या देहाला मुलाच्या देहासारखाच बाक आहे.

यावर कोणी म्हणेल, दुःखी मातेचा सण तर वरूनच आला. खरे आहे. १४२३ मध्ये कोलोनच्या धर्मसभेने मातेच्या दुःखाचा दिवस नेमला तो मूर्ती फोडणाऱ्या हुसपंथीयांना उत्तर म्हणून; १८१४ मध्ये पोप सातवे पायस यांनी सात दुःखांचा सण साऱ्या चर्चला लागू केला तो नेपोलियनच्या कैदेतून सुटून आल्यावर. या दोन्ही निर्णयांत राजकारण होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण धर्मसभा भरली तेव्हा मांडीवर कलेवर घेतलेल्या आईच्या मूर्तींना शंभरेक वर्षे होऊन गेली होती. शिक्का वरचा होता, शोक आधीपासून खालचा होता. आज गोव्यात गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत येशूच्या पार्थिवामागून दुःखी मातेची मूर्ती निघते आणि माणसे तिच्याबरोबर चालतात, ती या जुन्या लोकभक्तीचीच वारसदार आहेत.