टायटॅनिक दुर्घटनेतील बचावाचे प्रमाण

‘टायटॅनिक’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज न्यूयॉर्ककडे जात असता १४ एप्रिल १९१२ च्या रात्री उत्तर अटलांटिक महासागरात हिमनगावर आदळले व सु. २ तास ४० मिनिटांत बुडाले. त्यावरील २० जीवरक्षक नौकांत १,१७८ माणसांपुरतीच जागा होती. लॉर्ड मर्सी यांच्या चौकशी अहवालानुसार (३० जुलै १९१२) २,२०१ व्यक्तींपैकी ७११ वाचल्या.

अहवालातील कोष्टकानुसार पहिल्या वर्गातील शेकडा ६२, दुसऱ्यातील ४१ व तिसऱ्यातील २५ उतारू बचावले. तिसऱ्या वर्गास अन्यायाने वागविल्याचा आरोप मात्र मर्सी यांनी फेटाळला. सामान सोडण्याची नाखुशी, जहाज सोडण्याची अनिच्छा व खालच्या भागातून वर येण्यातील अडचणी, अशी कारणे त्यांनी दिली. या चौकशीत तिसऱ्या वर्गातील एकाही उतारूची साक्ष झाली नव्हती, हे येथे लक्षात घेणे अवश्य आहे.

‘स्त्रिया व मुले प्रथम’ या आदेशामुळे ज्या वर्गात स्त्रिया अधिक, त्याचे प्रमाण आपोआप वाढते. म्हणून स्त्रीपुरुषांचे आकडे वेगळे करावे लागतात. तसे केले तरी अंतर मिटत नाही : प्रौढ स्त्रियांचे बचावाचे प्रमाण वर्गानुक्रमे शेकडा ९७, ८६ व ४६ होते. प्रौढ पुरुषांत ते ३३, ८ व १६ होते. म्हणजे दुसऱ्या वर्गातील पुरुषांची स्थिती तिसऱ्या वर्गाहूनही वाईट होती. कोष्टक निर्दोष नाही. पहिल्या वर्गातील सर्व मुले वाचल्याचे त्यात म्हटले आहे. वस्तुतः दोन वर्षांची एक बालिका बुडाली होती.

जहाजावरील कर्मचाऱ्यांची तुलना विशेष उद्बोधक आहे. ८८५ पैकी २१२ कर्मचारी (शेकडा २४) बचावले. हे प्रमाण तिसऱ्या वर्गाहून किंचित कमी दिसते. परंतु मुलांसह पुरुषांचा विचार केल्यास कर्मचाऱ्यांत ते २२, तर तिसऱ्या वर्गात १७ भरते. मुलींसह स्त्रियांत अनुक्रमे ८७ व ४६. दोन्ही गटांत कर्मचारी पुढे असूनही एकूण आकड्यात मागे पडतात, कारण त्यांच्यात स्त्रिया केवळ २३ होत्या. या उलटापालटीस सांख्यिकीत सिंप्सनचा विरोधाभास म्हणतात. सिंप्सन यांनी तो १९५१ मध्ये विशद केला. यूल यांनी १९०३ मध्येच त्याकडे लक्ष वेधले होते.

एलिंडर व एरिक्सन या स्वीडिश संशोधकांनी २०१२ मध्ये १८ सागरी दुर्घटनांचे आकडे तपासले. त्यांत स्त्रियांचे बचावाचे प्रमाण एकंदरीत पुरुषांपेक्षा कमी आढळले. सर्वाधिक बचावले ते कप्तान व कर्मचारी.