जॅझ जपणारे कानसेन

तानसेन होणे प्रत्येकाच्या नशिबी नसते, कानसेन मात्र कोणालाही होता येते, असे आपल्याकडे गमतीने म्हटले जाते. जॅझ संगीताच्या बाबतीत या कानसेनांचे काम दाद देण्यापुरते राहिले नाही. एकमेकांना तबकड्या ऐकवणारे, त्यांवर तासन् तास वाद घालणारे आणि ऐकलेले वहीत टिपून ठेवणारे हौशी श्रोतेच या संगीताचे पहिले इतिहासकार ठरले.

याचे कारण जॅझच्या स्वरूपातच आहे. वादक एखादी परिचित धून घेतो आणि तिच्या स्वरसंगतीच्या आधारे त्या क्षणी सुचेल तसे नवे वादन रचतो. ते स्वरलिपीत पुरतेपणी उतरत नाही आणि पुन्हा जसेच्या तसे वाजवलेही जात नाही. त्यामुळे जॅझचा मूळ दस्तऐवज म्हणजे ध्वनिमुद्रिका होय. एकाच धुनेचे एकाच दिवशी केलेले दोन ‘टेक’ही दोन स्वतंत्र रचना ठरू शकतात.

निनावी तबकड्या

‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड’ या गोऱ्या वादकांच्या चमूने फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यूयॉर्क येथे ध्वनिमुद्रित केलेली तबकडी जॅझची पहिली मानली जाते. त्या काळातील दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत असे आणि तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावत असे. लेबलवर चमूचे नाव असे, वादकांची नावे मात्र क्वचितच. शिवाय एकच चमू वेगवेगळ्या कंपन्यांसाठी वेगवेगळी नावे घेई. ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद ‘द जंगल बँड’ या नावानेही तबकड्यांवर आढळतो.

ट्रम्पेट कोणाचा, क्लॅरिनेट कोणाची, हे मग कानानेच ओळखावे लागे. मित्रमंडळींच्या बैठकीत एकाने तबकडी लावायची आणि इतरांनी वादक ओळखायचा, हा दर्दींचा आवडता खेळ झाला. समीक्षक लेनर्ड फेदर यांनी १९४६ मध्ये त्याला नियतकालिकातील सदराचे रूप दिले. त्यात नाव न सांगता तबकडी ऐकवून नामवंत वादकांचे मत घेतले जाई. गोरा वादक आणि काळा वादक आपण नुसते ऐकून ओळखू, अशी पैज कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज याने १९५१ मध्ये लावली. त्याचे अंदाज बरोबर येण्यापेक्षा चुकलेच अधिक. वर्णावरून संगीत ओळखता येते या समजुतीला त्याने मोठा धक्का बसला.

हॉट क्लब

श्रोत्यांच्या या हौशीला संघटित रूप मिळाले ते फ्रान्समध्ये. पॅरिसमधील तरुण विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने १९३२ मध्ये ‘हॉट क्लब द फ्रान्स’ स्थापन झाला. ह्यूग पनासिए हे त्याचे अध्यक्ष झाले आणि पुढे शार्ल दलोने हे त्यांचे प्रमुख सहकारी बनले. जँगो राइनहार्ट आणि स्टेफान ग्रापेली यांचा प्रसिद्ध वाद्यवृंद १९३४ मध्ये याच क्लबच्या नावाने उभा राहिला. दलोने यांनी १९३६ मध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ ही सूची प्रसिद्ध केली. कोणत्या तबकडीवर कोण वाजवतो, ती कधी व कोठे ध्वनिमुद्रित झाली, याची ही पद्धतशीर नोंद जॅझ संशोधनाचा पाया ठरली.

अमेरिकेत १९३५ मध्ये हॉट क्लबांचा महासंघ स्थापन झाला. न्यूयॉर्कमधील ‘कमोडोर म्युझिक शॉप’ हे मिल्ट गेब्लर यांचे दुकान त्याचे केंद्र होते. बाजारातून नाहीशा झालेल्या तबकड्या महासंघाने पुन्हा काढल्या आणि त्यांच्या लेबलवर सर्व वादकांची नावे छापली. निनावी राहिलेल्या कलावंतांना श्रेय मिळवून देण्याचे हे काम श्रोत्यांनी केले. कृष्णवर्णीयांना जमावाने फासावर लटकवण्याच्या अत्याचारावरील ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गीत ध्वनिमुद्रित करण्यास कोलंबिया कंपनीने नकार दिला, तेव्हा बिली हॉलिडे हिने एप्रिल १९३९ मध्ये ते गेब्लर यांच्याच छोट्या कमोडोर कंपनीसाठी गायले.

मतभेद आणि फूट

आवड जितकी उत्कट तितका दुराग्रहही तीव्र, याचा प्रत्यय लवकरच आला. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांच्या ‘बीबॉप’ शैलीच्या तबकड्या महायुद्धानंतर युरोपात पोहोचल्या. दलोने यांनी या शैलीचे स्वागत केले, तर हे जॅझच नव्हे, अशी भूमिका पनासिए यांनी घेतली. १९४७ मध्ये हॉट क्लब दुभंगला. घराण्याच्या अभिमानापायी आपल्याकडे झालेले वाद ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

कानाची किमया

भक्तीची परिसीमा गाठली ती डीन बेनेडेटी या सॅक्सोफोनवादकाने. १९४७-४८ मध्ये त्याने क्लबांमधून पार्करचे वादन स्वतः ध्वनिमुद्रित केले. पार्करचे एकल वादन संपताच तो यंत्र बंद करी. दीर्घकाळ दंतकथा वाटणारा हा ठेवा १९९० मध्ये सात सीडींच्या रूपाने प्रसिद्ध झाला.

माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची (१९५९) कथाही बोलकी आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी एक टेप यंत्र किंचित संथ चालल्याने पहिल्या बाजूवरील तिन्ही रचना तबकडीवर किंचित चढ्या स्वरात वाजत. तबकडीबरोबर वाजवून पाहणाऱ्यांना हे खटके. ही चूक १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली.

मुंबईचा धागा

मुंबईत १९३० च्या दशकात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड यांसारख्या कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंतांनी ताजमहाल हॉटेलात जॅझ रुजवले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांनी ते आत्मसात केले आणि पुढे हिंदी चित्रपटसंगीतातही आणले. येथील दर्दी श्रोत्यांपैकी निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ महोत्सव सुरू झाला. सॉनी रोलिन्स त्यात वाजवून गेले.

मात्र मुंबईच्या हॉटेलांतून रात्रीमागून रात्री वाजलेल्या जॅझपैकी फारच थोडे तबकडीवर उतरले. जे उतरले नाही, ते ऐकणाऱ्यांच्या पिढीबरोबर गेले. चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायक आणि संगीतकार यांची नावे आली, पण साथ करणारे हे वादक बहुधा निनावीच राहिले. तारीख, ठिकाण, वादकांची नावे आणि टेकचा क्रमांक या चार नोंदींना जॅझचे रसिक इतके महत्त्व का देतात, याचे उत्तर या रिकाम्या जागेत मिळते.