याओदोंग
उत्तर चीनमधील शेन्सी, शान्सी, गान्सू व होनान या प्रांतांत डोंगरउतारात कोरून केलेले पारंपरिक घर. येथील पठार लोएसचे, म्हणजे वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक पिवळसर मातीचे असून ती कुदळीने सहज खणता येते, तरीही कोरडी असेपर्यंत उभा कडा धरून राहते. शक्यतो दक्षिणाभिमुख उतार आधी उभा तासून घेतात व त्यात कमानदार छताची लांबट खोली आत खणत नेतात. कमानीमुळे वरच्या मातीचा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उतरतो, म्हणून तुळई लागत नाही आणि लाकडाची टंचाई असलेल्या या प्रदेशात ही सोय मोलाची ठरली. दर्शनी कमानीत दार व कागद लावलेली लाकडी जाळीची खिडकी असते; आत ‘कांग’ हा विटामातीचा ओटा असतो, ज्याच्या पोकळीतून चुलीचा धूर खेळवल्याने हिवाळ्यात ओट्यावर उबेत झोपता येते. मातीच्या जाड थरामुळे आतील तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. मात्र मागच्या भागात उजेड व हवा कमी पोहोचते आणि पाणी मुरल्यास छत खचते. भूकंप हा तर या बांधणीचा खरा शत्रू. 1556 च्या शेन्सी भूकंपात परंपरागत नोंदीनुसार सुमारे 8,30,000 माणसे दगावली व त्यांतील पुष्कळ जण अशाच घरांत गाडले गेले.