सुई, हवा आणि हात : एअरब्रश निवडण्यापूर्वी थोडा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर आपण सगळे खुर्च्या आवरत होतो, तेव्हा अकरावीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "काका, मी प्लॅस्टिकची विमानं जोडतो, रंगवतो. वर्षभर पैसे साठवलेत. एअरब्रश कुठला घेऊ?" त्यानं मोबाइलवर सहा एअरब्रश काढून ठेवले होते. सिंगल अ‍ॅक्शन, डबल अ‍ॅक्शन, ग्रॅव्हिटी फीड, सायफन फीड, ०.२, ०.३, ०.५. बिचारा गोंधळून गेला होता, आणि चुकलं तर पुन्हा वर्षभर थांबायचं होतं. मी म्हटलं, "पुढच्या वेळी ये, नीट सांगतो." तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. तेव्हा आजचं व्याख्यान त्याच्यासाठी. तुम्ही बाकीचे त्याच्याबरोबर ऐका.

आता तुम्ही म्हणाल, एअरब्रश निवडायला इतिहास कशाला? तर खोक्यावर छापलेला हा एकेक शब्द म्हणजे कुणाला तरी आलेल्या एका अडचणीचं उत्तर आहे. अडचण कुणाची होती आणि काय होती, हे कळलं की आपली अडचण त्यातली कोणती, ते ओळखता येतं. मग निवड सोपी होते.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, १८७० च्या दशकात, आणि ती सुरू होते फोटोपासून. त्या काळी घरोघरी आप्तांचे फोटो मोठे करून भिंतीवर लावायची हौस होती. पण मोठा केलेला फोटो फिका पडायचा. मग चित्रकार त्यावर खडूनं, कोळशानं, जलरंगानं काम करून चेहरा पुन्हा उभा करायचे. गालाची गोलाई, कपाळावरची छाया, हे सगळं हातानं. वेळखाऊ काम, आणि ब्रशचा फटकारा दिसला की फोटो बिघडला. म्हणजे मागणी होती ती एका गोष्टीची : फटकारा न दिसता सावली हवी.

१८७६ मध्ये फ्रान्सिस एडगर स्टॅन्ली यांनी हवेनं रंग फवारणाऱ्या एका साधनाचं पेटंट घेतलं. हेच ते स्टॅन्ली, ज्यांनी पुढे जुळ्या भावाबरोबर फोटोच्या काचा बनवल्या आणि मग वाफेवर चालणारी मोटारगाडी काढली. पण त्यांच्या साधनानं काढलेलं एकही चित्र आज माहीत नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांत आयोवा राज्यात अ‍ॅबनर पीलर यांनी आपलं यंत्र तयार केलं. पीलर सराफी कामाचे, म्हणजे बारीक अवजारांत हात बसलेला माणूस. कामाच्या टेबलावर जे पडलं होतं, जुना स्क्रूड्रायव्हर वगैरे, त्यातूनच त्यांनी ते जुळवलं. हवेसाठी हातानं चालवायचा पंप. ओबडधोबडच होतं ते. पण त्यातून चित्र निघायचं.

पीलर यांच्याकडून हे यंत्र इलिनॉयच्या लिबर्टी वॉकअप यांच्याकडे गेलं. त्यांनी ते सुधारलं, १८८३ च्या सुमारास रॉकफर्ड गावातून 'एअर ब्रश' या नावानं विकायला काढलं. आणि इथे मला एका बाईंचं नाव आवर्जून घ्यायचं आहे. लिबर्टी यांच्या पत्नी, फीबी वॉकअप. यंत्र विकून भागत नव्हतं, ते चालवायचं कसं हे लोकांना कळत नव्हतं. रॉकफर्डला एअरब्रशची शाळा निघाली, आणि शिकवण्याच्या कामात फीबीबाई पुढे होत्या. विल्सन अर्विन हे पुढे नावारूपाला आलेले निसर्गचित्रकार एअरब्रश शिकले ते वॉकअप यांच्याकडेच. पेटंटच्या कागदावर नाव येतं बनवणाऱ्याचं. पण शिकवणारं कुणी नसतं, तर त्या दशकातल्या कितीतरी यंत्रांसारखं हेही अडगळीत गेलं असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

वॉकअप यांचं यंत्र चालायचं कसं? हवेच्या झोतानं एक इवलंसं चाक फिरायचं, चाक एका सुईला पुढेमागे हलवायचं, सुई रंगात बुडून बाहेर यायची आणि दुसरा झोत तिच्या टोकावरचा रंग उडवून कागदावर न्यायचा. अतिशय नाजूक रेषा यायची. पण यंत्रही तितकंच नाजूक, आणि मिजासखोर.

मग आले चार्ल्स बर्डिक. १८९२ मध्ये त्यांनी वेगळाच विचार केला. चाक नको, हलणारी सुई नको. सुई थेट नळीच्या आत, मधोमध बसवायची. सुई मागे ओढली की रंगाची वाट मोकळी, पुढे सोडली की बंद. सुईभोवतीच्या फटीतून हवा येणार आणि रंगाचे कण करणार. हातात धरायला पेनासारखं. १८९३ मध्ये शिकागोला जे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, विवेकानंदांच्या भाषणामुळे आपल्याला ते ठाऊक आहे, त्याच प्रदर्शनात थेअर अँड चँडलर या कंपनीनं बर्डिक यांचा एअरब्रश लोकांपुढे ठेवला. बर्डिक पुढे इंग्लंडला गेले आणि तिथे त्यांनी 'एरोग्राफ' काढला. आज तुम्ही दुकानात जो एअरब्रश हातात घेता, तो पोटातून बर्डिक यांचाच आहे. सव्वाशे वर्षं उलटली, तरी सुई तिथेच आहे.

शिकागो मग या धंद्याचं माहेरघर झालं. नॉर्वेहून आलेल्या येन्स पाशे यांनी १९०४ मध्ये तिथे कंपनी काढली. जपानमध्ये १९२६ मध्ये इवाटा सुरू झाली. १९६४ मध्ये शिकागोजवळच बॅजर. ही नावं आजही खोक्यांवर दिसतात.

पण मंडळी, एक गंमत बघा. जाहिरातवाल्यांनी, फोटोवाल्यांनी एअरब्रश लगेच उचलला. कलेच्या दुनियेनं मात्र नाक मुरडलं. मॅन रे हा चित्रकार न्यूयॉर्कमध्ये पोटासाठी व्यावसायिक काम करत होता. तिथला एअरब्रश त्यानं १९१७ ते १९१९ च्या दरम्यान स्वतःच्या चित्रांसाठी वापरला. त्या चित्रांना 'एरोग्राफ' म्हणतात. कॅनव्हासला स्पर्श न करता रंगवायचं, हेच त्याला आवडलं होतं. टीकाकार म्हणाले, ही कला नाही, हे यंत्राचं काम. हा आक्षेप मॉडेलच्या छंदातही आहे बरं का. "हातानं रंगवतोस की एअरब्रशनं?" असा प्रश्न येतो, तेव्हा त्यात थोडी फसवणुकीची शंका असते.

आणि फसवणूक या यंत्रानं केलेलीही आहे, तेही सांगितलं पाहिजे. जे साधन फटकारा न दाखवता सावली टाकतं, ते माणूसही पुसू शकतं. स्टालिनच्या रशियात मॉस्को-व्होल्गा कालव्याकाठी काढलेला एक फोटो आहे. स्टालिनशेजारी गुप्त पोलिसांचे प्रमुख निकोलाय येझोव्ह चालताहेत. १९४० मध्ये येझोव्ह यांना गोळी घातली गेली, आणि नंतरच्या फोटोत त्यांच्या जागी कालव्याचं पाणी आहे. डेव्हिड किंग यांनी असे फोटो आयुष्यभर गोळा केले आणि त्यांचं पुस्तक केलं. हे काम करणाऱ्यांच्या टेबलावर एअरब्रश होता. म्हणून मला वाटतं, यंत्र प्रामाणिक की अप्रामाणिक हा प्रश्नच चुकीचा आहे. ते आपण कशासाठी उचललं, एवढंच विचारावं.

आता मॉडेलकडे येऊ. मॉडेलच्या छंदात एअरब्रश का लागतो? कारण खरी वस्तूच फवारून रंगवलेली असते. १९४३ च्या सुरुवातीपासून जर्मन रणगाडे कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात बाहेर पडत. वरचे तांबडे-तपकिरी आणि हिरवे पट्टे सैनिक स्वतः स्प्रे गननं मारत. त्यामुळे पट्ट्यांच्या कडा धूसर आहेत. आता हिशेब करा. खऱ्या रणगाड्यावर ती धूसर कड सात सेंटिमीटर रुंद असेल, तर १:३५ च्या मॉडेलवर ती दोन मिलिमीटर होते. १:७२ च्या विमानावर पाच सेंटिमीटरची कड जेमतेम ०.७ मिलिमीटर. एवढी बारीक धूसरता साध्या ब्रशनं आणणं फार कठीण. हातानं काम करणाऱ्याचं कसब कमी पडतं असं नाही. मूळ वस्तू फवाऱ्यानं रंगली आहे, एवढंच.

१:३५ हे प्रमाण आलं कुठून, तेही सांगून टाकतो. जपानच्या शिझुओकातली तामिया ही मुळात लाकडाची कंपनी. तिनं १९६१ मध्ये पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्यात, या हिशेबानं आकार ठरला, आणि तोच आकार पुढे जगभर रूढ झाला. इतिहास असाही घडतो.

तर आता तुझं उत्तर.

पहिला शब्द, अ‍ॅक्शन. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये खटका दाबला की हवा आणि रंग एकदमच येतात, रंगाचं प्रमाण वेगळ्या स्क्रूनं आधी ठरवायचं. डबल अ‍ॅक्शनमध्ये खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. म्हणजे चालू रेषेतच ती जाड-बारीक करता येते. शिकायला दोन-तीन आठवडे जास्त लागतील, पण डबलच घे. धूसर पट्टे काढायचे असतील तर बोटाचा तो ताबा लागतोच.

दुसरा, फीड. वाटी वर असेल तर ग्रॅव्हिटी. रंग स्वतःच्या वजनानं उतरतो, कमी दाबावर चालतो, चार थेंबांतही काम होतं. बाटली खाली लटकत असेल तर सायफन. मोठ्या पृष्ठभागाला आणि भराभर रंग बदलायला ते बरं. लहान मॉडेलला ग्रॅव्हिटी.

तिसरा, तो आकडा. इथे मी स्वतः फसलो होतो, म्हणून कान देऊन ऐक. मला वाटलं, ०.२ म्हणजे ०.२ मिलिमीटरची रेषा, जितका आकडा लहान तितकं काम नाजूक. तो आकडा नोझलच्या भोकाचा असतो. रेषेची जाडी ठरते ती अंतर, हवेचा दाब आणि रंगाचा पातळपणा यांवर. मी ०.२ घेतला आणि त्यात जाडसर प्रायमर ओतला. नोझल तुंबलं. सुई ओढताना टोक वाकलं. १:७२ च्या नॅट विमानाच्या पंखांवर रंगाच्या पिचकाऱ्या उडाल्या. त्या नोझलचा सुटा भाग गावात कुठे मिळेना, आणि दोन महिने एअरब्रश डब्यात पडून राहिला. तेव्हा पहिला एअरब्रश ०.३ किंवा ०.३५ चा घे. ०.५ प्रायमर-वॉर्निशला चांगला, ०.२ हात बसल्यावर. आणि नाव बघण्याआधी विचार, सुई आणि नोझल सुटे मिळतात का? हे दोन भाग झिजणार, वाकणार, हे नक्की.

चौथी गोष्ट खोक्यात नसते, ती म्हणजे हवा. सगळे पैसे एअरब्रशवर घालू नकोस. टाकी असलेला कॉम्प्रेसर घे, नाहीतर हवा धक्क्याधक्क्यानं येते. दाब कमी-जास्त करायला रेग्युलेटर हवा. सुरुवातीला पंधरा ते वीस पीएसआय ठेव. आणि मॉइश्चर ट्रॅप तर आपल्याकडे हवाच हवा. हवा दाबली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैमध्ये ते पाणी नेमकं झालेल्या कामावर थुंकलं जातं. रंग दुधाइतका पातळ कर, आधी जुन्या वर्तमानपत्रावर चालवून बघ.

पाचवी गोष्ट, छाती. फवारलेला रंग डोळ्यांना दिसेनासा होतो, पण तो कुठेतरी जातोच. पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकला वास नाही म्हणून ते निरुपद्रवी, असं मानू नकोस. मास्क लाव, खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लाव. थिनरचे रंग असतील तर वाफ अडवणारा मास्क. आईला विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात अजिबात नाही.

आणि आता फीबीबाईंकडे परत येतो. एकशेचाळीस वर्षांपूर्वी रॉकफर्डला लोक यंत्र विकत घ्यायचे आणि मग शाळेत यायचे, कारण यंत्राबरोबर हात मिळत नाही. एअरब्रश आणलास की पहिला महिना मॉडेलला लावू नकोस. कागदावर ठिपके काढ, ठिपके जोडून रेषा काढ, रेषा बारीक करत जा. प्रत्येक वेळी काम झालं की सुई काढून पुसून ठेव. दहा मिनिटं लागतात. ही दहा मिनिटं ज्याला जमतात, त्याचा मध्यम किमतीचा एअरब्रश वर्षानुवर्षं चालतो. ज्याला जमत नाहीत, त्याचा महागडाही महिन्याभरात तुंबतो.

तर बाळ, डबल अ‍ॅक्शन, वरची वाटी, ०.३ च्या आसपास, सुटे भाग मिळणारा. उरलेले पैसे हवेवर आणि मास्कवर. पुढच्या व्याख्यानाला विमान घेऊन ये. बिघडलेलं असलं तरी आण. माझं ते नॅट अजून कपाटात आहे, मीही आणतो. दोन्ही शेजारी ठेवून बघू.