ख्रिस्ती व्यक्ती आणि गोंदण : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक विवेचन

प्रथम संज्ञानिश्चय. सुईने त्वचेस छिद्रे पाडून त्यांत रंगद्रव्य भरणे व त्यायोगे न पुसणारी खूण निर्माण करणे, या क्रियेस गोंदणे म्हणावे. त्या क्रियेने उमटलेली आकृती म्हणजे गोंदण. धारण करणारा आणि पाहणारा त्या आकृतीस जो आशय जोडतात तो गोंदणाचा अर्थ. क्रियेचा संबंध शरीराशी, आकृतीचा दृष्टीशी, अर्थाचा समाजाशी. ख्रिस्ती माणसाने गोंदून घ्यावे की नाही, या वादात बहुधा एक पक्ष क्रियेविषयी बोलत असतो आणि दुसरा अर्थाविषयी, म्हणून दोघांची गाठ पडत नाही. डागणे, कान टोचणे, कुंकू लावणे यांचा विचार येथे कर्तव्य नाही.

'ख्रिस्ती' या संज्ञेने येथे बाप्तिस्मा झालेली व्यक्ती अभिप्रेत आहे, मग तिची जमात वा मंडळी कोणतीही असो. प्रस्तुत प्रदेशात दोन जुने प्रवाह स्पष्ट आहेत. एक स्कॉटिश एपिस्कोपल मिशनचा. हे मिशन 19व्या शतकाच्या उत्तरार्धात चांद्यास (आजच्या चंद्रपुरास) स्थिरावले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि हा प्रवाह त्यात मिळाला. दुसरा सिरो-मलबार कॅथलिक चर्चचा. 1962 मध्ये चांदा हे केरळच्या सीएमआय धर्मसंघाकडे सोपवलेले मिशनक्षेत्र झाले व 1977 मध्ये त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्याचे पीठ बल्लारपुरास आहे. यांखेरीज स्वतंत्र प्रार्थनामंडळ्या आहेत. गोंदणाविरुद्ध सर्वांत कठोर भूमिका सामान्यतः याच मंडळ्यांत आढळते.

आता गोंदणाचे प्रकार. भामरागड, एटापल्ली, धानोरा या बाजूच्या माडिया व गोंड समाजांत वयस्क स्त्रियांच्या हातापायांवर, आणि माडिया स्त्रियांच्या तर चेहऱ्यावरही, ठिपक्यांचे व रेषांचे गोंदण दिसते. त्याची रीत अशी. दिव्याची काजळी तेलात कालवतात. तीन-चार सुया एकत्र बांधतात. ताणून धरलेल्या कातडीवर त्या लागोपाठ टोचतात, वर आलेले रक्त पुसतात, काजळी चोळतात आणि शेवटी हळद लावतात. सूज उतरून खपली पडली की निळसर-हिरवी खूण राहते. हे काम करणाऱ्या ओझा स्त्रियांचा उल्लेख रसेल आणि हिरालाल यांनी जातिजमातींवरील 1916 च्या ग्रंथात केला आहे. हेतूच्या दृष्टीने या गोंदणाचे चार भेद होतात : अलंकारार्थ, उपचारार्थ (दुखऱ्या सांध्यावर ठिपके घेणे), मुलीच्या वाढीतील संस्कार म्हणून, आणि परलोकार्थ. चौथा भेद निर्णायक आहे. अंगावरचे सोने-चांदी इथेच राहते, गोंदण तेवढे सोबत येते, आणि न गोंदलेल्या बाईला देवाघरी जाब द्यावा लागतो, ही समजूत गोंड समाजात आहे. मराठी मुलखात इतरत्रही ती होती. याशिवाय जत्रेत बॅटरीच्या यंत्रावर नाव वा क्रूस काढून घेणे आणि शहरातील दुकानात टॅटू करून घेणे हे दोन अर्वाचीन प्रकार आहेत. त्यांत संस्काराचा अंश नाही; हेतू मात्र पूर्वीइतकेच मिश्र आहेत.

निषेधाचे प्रमाण म्हणून पुढे केले जाणारे मुख्य वचन लेवीय 19:28 हे आहे. मृतासाठी अंगावर जखमा करून घेऊ नयेत आणि अंगावर गोंदू नये, असा त्याचा आशय. त्याच अध्यायात दाढीच्या कडा कापू नयेत, दोन जातींच्या सुतांचे वस्त्र वापरू नये, हेही आहे. आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, हेही तेथेच आहे. यावरून तीन मते संभवतात. पहिले, अध्याय संपूर्ण बंधनकारक आहे. मग मिश्र सुताचा सदरा घालून गोंदणाचा निषेध सांगणारा उपदेशक स्वतःच दोषी ठरतो. दुसरे, अध्याय संपूर्ण रद्द झाला आहे. मग प्रीतीची आज्ञाही गेली, आणि हे कोणी मानत नाही. तिसरे मत थॉमस अक्विनासने 13व्या शतकात सविस्तर मांडले : जुन्या नियमशास्त्रात नैतिक, विधिविषयक आणि न्यायविषयक असे तीन वर्ग आहेत, व त्यांपैकी नैतिक तेवढे चिरंतन आहे. हे मत स्वीकारले तरी प्रश्न संपत नाही, केवळ सरकतो. गोंदणाचा निषेध कोणत्या वर्गातील?

वर्ग ठरवण्याचे साधन म्हणजे निषेधाचे कारण. हा निषेध मृतासाठी जखमा करण्याच्या निषेधाला जोडून आलेला आहे. अनुवाद 14:1 मध्ये जखमांचा निषेध पुन्हा मृताच्याच संदर्भात येतो, आणि 1 राजे 18 मध्ये बआलचे संदेष्टे त्याला जागृत करण्यासाठी स्वतःस जखमा करून घेतात. शोकविधी आणि परदैवताची आराधना हे संदर्भ काढून टाकल्यास निषेधाचे कारण उरत नाही. यहुदी धर्मशास्त्रातही ही चिकित्सा झाली. मिश्नाच्या मक्कोत प्रकरणात केवळ ओरखडा किंवा केवळ शाई यांस दोष नाही, दोन्ही एकत्र आल्यासच दोष आहे, असे म्हटले आहे; आणि रब्बी शिमोन यांच्या मते नाव लिहिले तरच दोष. निषेध क्रियेचा की अर्थाचा, हा भेद म्हणजे नव्या पिढीने काढलेली पळवाट नव्हे.

प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांवर जी मोजकी बंधने ठेवली त्यांत मूर्तींचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म आहे, गोंदण नाही. उलट पक्षी, यशया 44:5 मध्ये कोणी आपल्या हातावर परमेश्वराचा असे लिहील, असे आहे, आणि पौल गलतीकरांस येशूच्या खुणा अंगावर वागवतो म्हणून लिहितो. या वचनांवरून अनुज्ञा सिद्ध करू पाहणेही चूक होय. पौलाच्या खुणा छळाच्या होत्या, सुईच्या नव्हत्या. प्रकटीकरणात पशूची खूण कपाळावर आहे आणि कोकऱ्याचे नावही कपाळावर आहे. यावरून इतकेच निष्पन्न होते की खूण कोणाची, हे खूण असण्याहून महत्त्वाचे.

चर्चच्या इतिहासात या तत्त्वाचा तीनदा स्पष्ट उपयोग झालेला दिसतो. कॉन्स्टन्टाइनने 4थ्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गुन्हेगारांच्या चेहऱ्यावर खूण करण्यास बंदी केली. हात व पोटऱ्या यांना सूट होती. चेहरा दैवी सौंदर्याच्या प्रतिमेप्रमाणे घडलेला आहे, हे कारण होते. गाझाच्या प्रोकोपियसने 6व्या शतकाच्या सुमारास मनगटावर वा दंडावर क्रूस किंवा ख्रिस्ताचे नाव वागवणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा निर्देश केला आहे. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती आजही उजव्या मनगटावर क्रूस गोंदतात. आणि 787 मध्ये इंग्लंडमध्ये पोपच्या प्रतिनिधींनी निर्णय दिला की देवासाठी गोंदण सोसणाऱ्यास पुण्य आहे, परंतु परधर्मीय अंधश्रद्धेने गोंदणाऱ्यास लाभ नाही. एकच क्रिया, दोन हेतू, दोन निकाल.

हे तत्त्व भारतात लागू करण्याचा नमुनाही उपलब्ध आहे. मदुरेस जेझुइट मिशनरी रोबेर्तो दे नोबिली याने ब्राह्मण ख्रिस्ती लोकांना जानवे, शेंडी व गंध ठेवू दिले. त्यावर वाद पेटला, आणि 1623 मध्ये पोप पंधराव्या ग्रेगरीने अंधश्रद्धेचा अर्थ वगळण्याच्या अटीवर ती अनुज्ञा मान्य केली. सिरो-मलबार परंपरेत तर वधूच्या गळ्यातील मिन्नू हे स्थानिक मंगळसूत्रच आहे, त्यावर क्रूस आला इतकेच. ज्या परंपरेने स्वतःचा दागिना असा आपलासा केला, तिच्या धर्मगुरूस माडिया स्त्रीच्या गोंदणाविषयी मूलतः वेगळा न्याय लावण्यास आधार सापडणे कठीण आहे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो बळकट आहे. जानवे काढता येते, मिन्नू बदलता येते; गोंदण सहज काढता येत नाही, म्हणून अर्थ बदलला तरी आकृती जुना अर्थ बोलत राहील. याचे उत्तर देण्यासाठी अर्थ ओळखण्याची कसोटी हवी. कसोटी एका प्रश्नाची आहे : हे गोंदण न केल्यास काय बिघडेल? 'काहीच नाही' हे उत्तर आल्यास गोंदण अलंकार आहे. 'लोक नावे ठेवतील' हे उत्तर आल्यास ती रूढी आहे. 'देवाघरी जाब द्यावा लागेल' किंवा 'बाधा होईल' हे उत्तर आल्यास ती श्रद्धा आहे. पहिल्यास धर्मशास्त्राचा विरोध नाही. दुसऱ्याचा निर्णय प्रसंगानुरूप. तिसरे मात्र ख्रिस्ती श्रद्धेशी विसंगत आहे, कारण पुनरुत्थानाच्या आशेने जे मिळावयाचे ते तेथे काजळीकडे मागितले जाते. लेवीयातील निषेध दुसऱ्याच्या मरणासाठीच्या खुणेचा होता, गोंड समजूत स्वतःच्या मरणासाठीच्या खुणेची आहे. तथापि दोहोंत मृत्यूवरचा उपाय त्वचेत शोधला जातो, म्हणून कारण समान आहे.

ही कसोटी क्रूसालाही लावली पाहिजे, आणि तेथे निकाल अनपेक्षित लागतो. भूतबाधा टळावी म्हणून मनगटावर क्रूस गोंदवणारा तरुण तिसऱ्या वर्गात पडतो. चेहऱ्यावर बालपणीचे ठिपके असलेली आणि 'आमच्यात असतं' एवढेच सांगणारी बाप्तिस्मा झालेली आजी पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गात राहते. आकृती पाहून निर्णय देणारी मंडळी पहिल्यास शाबासकी देते आणि दुसरीस संकोचात टाकते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा न्याय उलटा आहे.

यावरून तीन अवस्थांचा निर्णय करता येतो. बाप्तिस्म्यापूर्वीचे गोंदण हा प्रश्नच नाही. ते झाकण्यास वा काढण्यास सांगणे अनावश्यक, आणि जखमेवर जखम करण्यासारखे असल्याने सदोषही. ख्रिस्ती झाल्याने अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. अर्थात जमातीची खूण वागवण्यास राज्यव्यवस्थेचाही प्रत्यवाय नाही. सैन्यभरतीत सामान्य उमेदवारास हाताच्या ठरावीक भागावरच कायमचे गोंदण चालते, परंतु जमातींच्या उमेदवारांना रूढीनुसारच्या गोंदणासाठी सवलत आहे. रूढी आणि हौस यांतील भेद भरती अधिकाऱ्यास कळतो, तो उपदेशकास कळू नये हे नवल. दुसरी अवस्था, बाप्तिस्म्यानंतर रूढीने घेतलेले गोंदण. ते वरील कसोटीस उतरल्यास अनुज्ञेय. परंतु पौलाने करिंथकरांस नैवेद्याच्या मांसाविषयी घातलेली अट येथे लागू होते. स्वतःस दोष नसला तरी ज्याची श्रद्धा दुर्बल आहे त्याचे पाऊल त्यामुळे घसरू नये. पाच घरे ख्रिस्ती आणि उरलेले गाव पेन या गोंड दैवतांचे पूजक असल्यास त्या खुणेचे वाचन गाव करते, धारण करणारी एकटी नव्हे. तिसरी अवस्था, स्वेच्छेने घेतलेला अर्वाचीन टॅटू. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे म्हणून तो वर्ज्य, असा युक्तिवाद केला जातो. पौलाचे ते वचन जारकर्माच्या संदर्भात आहे, आणि त्यावरून गोंदण वर्ज्य ठरवल्यास कान टोचणेही वर्ज्य ठरेल. युक्तिवाद अतिव्याप्त आहे.

तथापि शरीराचा विचार दुसऱ्या मार्गाने येतो. एकच सुई अनेकांस वापरल्यास हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. जत्रेतील यंत्राची सुई बदलली की नाही, हे पाहणे धर्मप्रश्नाइतकेच अगत्याचे आहे. शिवाय राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गोंदल्यानंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही. गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी कित्येकांस वेळोवेळी रक्त लागते. शेजाऱ्यावरील प्रीतीची आज्ञा लेवीयाच्या त्याच अध्यायात असल्यामुळे, नियमित रक्तदात्याने टॅटू करण्याविरुद्धचा सर्वांत सबळ ख्रिस्ती युक्तिवाद येथे मिळतो. तो व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येतो.

शेवटचा प्रश्न मुलींचा. परंपरागत गोंदण बालवयात, संमतीवाचून होते. यावर प्रतिप्रश्न असा की तान्ह्या मुलाचा बाप्तिस्माही संमतीवाचून होतो, आणि ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये सांगितल्याप्रमाणे त्याची आत्म्यावरील मुद्राही पुसत नाही; मग भेद कोठे? भेद दृश्यतेत आहे. आत्म्यावरील मुद्रा मुलीस परक्यांसमोर कोणत्याही नावाने बांधत नाही, तिच्यासाठी जखम होत नाही, आणि मोठेपणी तिने श्रद्धा सोडली तरी आरसा तिला काही विचारत नाही. चेहऱ्यावरील गोंदण या तिन्ही बाबतींत वेगळे आहे. म्हणून ख्रिस्ती आईवडिलांनी मुलीस अज्ञान वयात गोंदवू नये, आकृती ठिपक्यांची असो वा क्रूसाची. सज्ञान झाल्यावर तिने स्वतः हातावर घेतल्यास तो तिचा अधिकार आहे, आणि चेहऱ्यावर घ्यायचे म्हटल्यास आणखी काही वर्षे थांब, असे सांगण्याचा अधिकार घरच्यांस आहे.